तळ्याकाठच्या आणि गावाकडच्या जमिनींची दलाली गोव्यात पूर्णवेळ करता येईल का?

डिचोलीकर (प्रश्न)

सर्वांस नमस्कार. मी डिचोली तालुक्यात राहतो. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत एका खाण कंपनीच्या कार्यालयात हिशेब पाहत होतो आणि तेव्हापासून किनारपट्टीवरील एका हॉटेलात तेच काम करतो आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागल्यापासून आमच्या भागात व पेडण्यात जमिनीची चौकशी करीत फिरणाऱ्यांची संख्या वाढली आहे. वडिलांच्या ओळखी बऱ्याच असल्यामुळे अशी माणसे हमखास आमच्या अंगणात येऊन थांबतात. आजवर मी मालकाची गाठ घालून देऊन बाजूला होत आलो. आता नोकरी सोडून हे काम रीतसर करावे असे मनात आहे.

किनाऱ्यावरील सदनिका आणि व्हिला यांच्या बाजारात मोठ्या भांडवलाची मंडळी आधीच आहेत. म्हणून मयेचे तळे, आमठाण्याचे धरण, म्हादईकाठची भाटे (माडांच्या बागा), कुळागरे (सुपारीच्या बागा) आणि जुनी घरे एवढ्यापुरतेच काम मर्यादित ठेवावे असा माझा विचार आहे. अमेरिकेत आणि कॅनडात केवळ सरोवराकाठची घरे विकून सारी हयात काढणारे दलाल असतात, असे वाचनात आले आहे. गोव्यात तशी खास शाखा धरता येईल का? त्यासाठी रेराची (स्थावर मालमत्ता व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते का? उत्पन्नाचे गणित कसे मांडावे, आणि सुरुवातीला नेमका कशाचा अभ्यास करावा? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी स्पष्ट लिहिल्यास उपकार होतील.

फोंड्याचा दलाल (उत्तर)

डिचोलीकर बाब, मी फोंडा, धारबांदोडा आणि सांगे या तालुक्यांत अनेक वर्षे हेच काम करतो आहे, त्यामुळे खास शाखेचा प्रश्न आधी घेतो. बाकीचे पुष्कळसे त्याच्यावर अवलंबून आहे.

ज्या अमेरिकन दलालांचा आपण उल्लेख केला आहे त्यांच्याकडे विकण्यासाठी खरोखरच काठ असतो. तिथे पाण्यापर्यंतची जमीन अनेक ठिकाणी खासगी मालकीची असते, किती फूट काठ लाभतो यावर भाव ठरतो आणि दलालाला आपापल्या राज्याची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. गोव्यात तळ्याचा काठ म्हणून विकण्याजोगी जमीन जवळजवळ नाहीच. करमळीचे किंवा कुडतरीचे तळे पाहा. वायंगण म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातशेतीला पाणी मिळावे म्हणून आपल्या पूर्वजांनी बांध घालून ती पाणी अडवण्याची सोय केली. त्यांच्या भोवती भातशेती आहे, त्या शेतीत कोमुनिदादीचे (गावाच्या सामूहिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे), कुळांचे आणि शेतकरी संघांचे हक्क गुंतलेले आहेत, आणि उन्हाळ्यापर्यंत पाणी इतके खाली जाते की जानेवारीत छायाचित्र पाहून भाळलेला ग्राहक मे महिन्यात आला तर त्याला चिखल दिसतो. मयेच्या तळ्यावर पर्यटन विकास महामंडळाचा पसारा आहे. साळावली, अंजुणे, चापोली, आमठाणे ही तर सरकारी धरणे. बुडित क्षेत्र व त्यालगतची जमीन सरकारने संपादन केलेली, आणि त्यापलीकडे बऱ्याच ठिकाणी वनखाते किंवा अभयारण्य सुरू होते. अधिसूचित पाणथळ जागा असेल तर २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांप्रमाणे गेल्या दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले, ते गोव्यातील पहिले. अशा ठिकाणी 'लेकफ्रंट प्लॉट' अशी जाहिरात करणारा एकतर अनभिज्ञ असतो किंवा तसे सोंग घेत असतो.

नदीकाठ हा वेगळा विषय आहे आणि तिथे फसगत जास्त होते. मांडवी आणि जुवारी यांची भरती आत कित्येक किलोमीटर येते, त्यामुळे समुद्र डोळ्यांना दिसत नसला तरी किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. कोरड्या ऋतूत पाण्यातील क्षार दर हजारी पाच भागांच्या खाली जातात तिथपर्यंत त्यांचा अंमल चालतो. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा नदीच्या काठापासून शंभर मीटर किंवा नदीची रुंदी, यांतील जे कमी असेल तेवढा पट्टा नियमांत येतो. त्या अधिसूचनेखालचा गोव्याचा आराखडा २०२२ मध्ये मंजूर झाला आहे. २०१९ च्या नव्या अधिसूचनेत हे अंतर पन्नास मीटरवर आणले आहे हे खरे, परंतु तिच्याखालचा आराखडा मंजूर होईपर्यंत तिचा लाभ घेता येत नाही. हे पुढचे वाक्य सोयीस्करपणे गाळून जमीन दाखवणारे बरेच आहेत. ग्राहकाला सर्व्हे नंबर त्या आराखड्यावर बसवून दाखवावा, आणि तो दाखवता येत नसेल तर ती जागा हाती घेऊ नये.

मग विकले काय जाते? पाण्यापासून थोडी दूर, चढावर असलेली, सेटलमेंट म्हणजे वस्तीसाठी राखलेल्या क्षेत्रातील जागा. गावाच्या वस्तीतले जुने घर. आणि क्वचित एखादे कुळागर, ज्याला बारमाही झऱ्याचे पाणी आहे. यांत कुळागराची किंमत ग्राहकाला सांगूनही पटत नाही, कारण त्याला सुपारी, मिरी आणि जायफळ दिसते, पण त्या बागेला लागणारी वर्षभराची माणसे दिसत नाहीत. कुळागर घेणाऱ्याला मी आधी तिथे काम करणाऱ्या कुटुंबाशी बोलायला लावतो. ते कुटुंब राहणार नसेल तर तीन पावसाळ्यांत बाग रानात जमा होते.

उत्पन्नाविषयी. पहिले वर्ष कोरडे जाईल असे गृहीत धरावे. ग्रामीण जमिनीचा व्यवहार पहिल्या भेटीपासून नोंदणीपर्यंत सहा महिन्यांत पार पडला तर तो वेगाने झाला म्हणायचे. एखादा वारस लिस्बनला आणि दुसरा इंग्लंडात स्विंडनला असेल तर वर्ष सहज जाते. रिवाजाने प्रत्येक बाजूकडून दोन टक्के मिळतात असे सांगितले जाते, पण प्रत्यक्षात गावातला माहीतगार, त्याचा पणजीतला मित्र आणि त्या मित्राचा मुंबईतला परिचित अशी साखळी तयार होते व ती रक्कम सर्वांत वाटली जाते. त्यामुळे मालकाकडून लेखी अधिकारपत्र घेतल्याशिवाय जागेची जाहिरात करू नये. त्यात भाव, मुदत, मोबदला आणि तो कोणत्या टप्प्यावर द्यायचा हे लिहावे. मालक ओळखीचा आहे म्हणून कागद नको, असे म्हणणारेच नोंदणीच्या दिवशी ओळख विसरतात.

जागा पाहण्याची ऋतुमाने सांभाळावी. जुलैत पाहिल्याशिवाय पूर कळत नाही आणि मे महिन्यात पाहिल्याशिवाय विहीर कळत नाही. भरतीच्या नदीजवळची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, ती चाखून पाहावी. रस्ता तर सर्वांत आधी पाहावा. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीची असलेली पायवाट आणि कागदावर नोंद असलेला रस्ता यांत व्यवहार बुडवण्याइतके अंतर असते.

म्हापशाची वकील (उत्तर)

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे. मात्र कागदपत्रांची बाजू त्यात आली नाही आणि ग्रामीण गोव्यातील दलालाचा खरा कस तिथेच लागतो. माझ्याकडे येणारे बरेचसे वाद असे असतात, की दलालाने एक-चौदाचा उतारा पाहिला, त्यावर विक्रेत्याचे नाव दिसले आणि तेवढ्यावर विसार देऊन टाकला.

एक-चौदाचा उतारा हा महसुली अभिलेख आहे. त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण त्याने मालकी सिद्ध होत नाही. मालकीसाठी पोर्तुगीज काळातील नोंदणी कार्यालयातले वर्णन व नोंद, मात्रीझ (मालमत्ता-कराची जुनी नोंदवही), जुनी खरेदीखते, इन्व्हेंटरीचे (वारसांतील वाटणीच्या न्यायालयीन कामाचे) निकाल आणि भारतीय नोंदणी कायद्याखालची पुढची खते अशी साखळी जुळवावी लागते. जुने कागद पोर्तुगीज भाषेत असल्याने त्यांचा विश्वसनीय अनुवाद करून घ्यावा. बनावट जुन्या कागदांच्या आधारे जमिनी बळकावल्याची प्रकरणे इतकी वाढली, की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग नेमावा लागला. मालक परदेशात, घर बंद आणि जमीन पडीक अशी जागा कोणी घाईने स्वस्तात विकत असेल, तर कुलमुखत्यारपत्र मूळ स्वरूपात पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

महाराष्ट्रातून येणाऱ्या ग्राहकाला, आणि तिकडे काम केलेल्या दलालालाही, चकवणारी गोष्ट म्हणजे गोव्याचा कौटुंबिक कायदा. येथे विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते, म्हणून स्थावर मालमत्तेच्या विक्रीला दोघांची संमती लागते. जमीन नवऱ्याच्या आजोबांपासून आलेली असली तरीही. पाच भावंडांच्या जमिनीवर दहा सह्या लागणे हे इथले सामान्य चित्र आहे. वारसांत वाटणी झालेली नसेल तर एका वारसाने दाखवलेला ठरावीक तुकडा हा त्याचा नसतो. त्याचा केवळ अविभक्त हिस्सा असतो. यासाठीची इन्व्हेंटरी आता २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याखाली होते, जो डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. दलालाने विक्रेत्याच्या घरी बसून वंशवृक्ष काढावा, प्रत्येक नावापुढे जोडीदाराचे नाव लिहावे आणि कोण कुठे आहे ते टिपून ठेवावे. हे काम वकिलापेक्षा गावातला माणूस चांगले करतो, आणि आपल्याला वडिलांच्या ओळखींचा उपयोग होणार आहे तो इथे.

आपण मयेचे नाव घेतले म्हणून मुद्दाम लिहिते. त्या गावातील जमिनीचा मोठा भाग पोर्तुगीज राजवटीतील कोंदाच्या, म्हणजे तिथल्या सरदाराच्या, मालकीचा होता. मुक्तीनंतर तो स्थलांतरितांची मालमत्ता ठरून कस्टोडियनच्या (अशी मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) ताब्यात गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे लोक दीर्घकाळ मालकीविना राहिले. २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि रहिवाशांना सनदा देण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. त्यामुळे मयेत कोणी जमीन दाखवली तर ती कोणत्या प्रवर्गात मोडते, सनद मिळाली आहे का आणि सनदेच्या अटी काय आहेत, हे पाहण्याआधी ग्राहकाला तळे दाखवायला नेऊ नका. सत्तरीकडे गेलात तर मोकाशे व आल्वारा (जुन्या राजवटींत दिलेल्या) जमिनींचे असेच वेगळे प्रश्न आहेत.

क्षेत्रवर्गीकरणाबाबत फक्त इतकेच, की प्रादेशिक आराखडा २०२१ आणि नगरनियोजन खात्याचा झोनिंगचा दाखला यांखेरीज कोणाच्याही शब्दावर विसंबू नये. 'कन्व्हर्जन (जमिनीच्या वापराचा बदल) होऊन जाईल' हे आश्वासन तर कधीच देऊ नये. वर्गीकरण बदलण्यासाठी वापरले जाणारे नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालील नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, आणि २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९-अ लाही न्यायालयात आव्हान दिलेले आहे. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याच्या नावे करण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध घातले आहेत, आणि अनिवासी भारतीयांना किंवा ओसीआय कार्डधारकांना (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना) शेतजमीन, मळ्याची जमीन व फार्महाऊस विकत घेता येत नाही. जमिनीचा भाग पाडून विकायचा असेल तर नगरनियोजन कायद्याच्या कलम ४९(६) प्रमाणे ना-हरकत दाखला लागतो; तो नसेल तर उपनिबंधक खत नोंदवणार नाही.

राहिला रेराचा प्रश्न. २०१६ चा कायदा प्रकल्पांतील विक्रीला लागू होतो. एका खासगी मालकाचे जुने घर किंवा भाट दुसऱ्याला विकून देणे त्यात येत नाही. पण विकासकाने आखलेल्या भूखंडांची किंवा व्हिलांची विक्री जमवून द्यायची असेल तर एजंट म्हणून नोंदणी अनिवार्य आहे, आणि तो प्रकल्प स्वतः नोंदणीकृत असावा लागतो. पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक जमीन किंवा आठांपेक्षा अधिक घटक असले की प्रकल्पाला नोंदणी लागते. विनानोंदणी काम करणाऱ्या एजंटाला दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढतो. माझा सल्ला असा, की सुरुवातीला गरज नसली तरी नोंदणी करून घ्यावी. ग्रामीण दलालाकडेही वर्षातून एखादा भूखंडांचा प्रकल्प येतोच.

चोडणचा शेतकरी (उत्तर)

मी दलाल नाही. दलालांनी आणलेली माणसे ज्याच्या बांधावरून चालत जातात तो मी. म्हणून दुसरी बाजू मांडतो.

फोंड्याच्या बाबांनी लिहिले की पाण्यापासून दूर, चढावरची जागा विकली जाते. ते खरे आहे, आणि आमच्या तक्रारीचे मूळही तेच आहे. चढावरून पाणी दिसावे म्हणून डोंगर कापला जातो, ती माती सखल भागात लोटली जाते आणि पहिल्या पावसात ती खाजनात, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या सखल शेतीत, उतरते. डोंगर कापणे व सखल जमीन भरणे यांवर नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे परवानगीविना बंदी आहे. खाजनांत तर विकासकाम करताच येत नाही. किनारी अधिसूचनेत गोव्यासाठी तशी वेगळी तरतूद आहे. ही माहिती ग्राहकाला आमच्याकडून नव्हे तर दलालाकडून, आणि पैसे देण्यापूर्वी, मिळायला हवी.

खाजन म्हणजे पाण्याकडे पाहणारी मोकळी जागा अशी बाहेरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात बाहेरचा बांध, आतला बांध, भरतीचे पाणी आत-बाहेर सोडणारी मानस (झडपेचे दार) आणि पोय (आतला पाण्याचा खोलगट भाग) या सर्वांची देखभाल शेतकरी संघ करतो आणि मानशीवरच्या मासळीच्या लिलावातून त्याला पैसा मिळतो. एका शेताच्या मालकाने बांधाची निगा सोडली तर खारे पाणी शेजाऱ्याच्या भातात शिरते. अशा ठिकाणी एक तुकडा विकत घेऊन त्याला तारेचे कुंपण घालणारा माणूस स्वतः कोणताही कायदा न मोडताही साऱ्या शेताचे नुकसान करू शकतो.

आपण व्यवसायात उतरणार असाल तर झाडांचा विषयही समजून घ्या. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. माडाला २०१६ मध्ये त्या व्याख्येतून वगळले होते आणि पुढच्याच वर्षी परत आत घेतले. माड हे झाड आहे की नाही यावर विधानसभेत चर्चा करणारे आपलेच राज्य असावे. ग्राहक 'साफ केलेली' जागा मागतो. ती कोणी व कोणत्या परवानगीने साफ केली, हे विचारण्याची सवय आपण पहिल्या दिवसापासून ठेवलीत तर गावात आपल्याला बसायला खुर्ची मिळेल.

डिचोलीकर (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. वकील ताईंनी मयेविषयी लिहिल्यामुळे एक प्रत्यक्ष उदाहरणच विचारतो. आमच्या तालुक्यात, मयेच्या हद्दीबाहेर पण तळ्यापासून फार दूर नाही अशी सुमारे सहा हजार चौरस मीटरची उतारावरची जागा आहे. झोनिंग ऑर्चर्डचे, म्हणजे बागायतीचे, आहे. उताऱ्यावर कब्जेदार म्हणून मालकाचे नाव आहे, परंतु कुळाच्या रकान्यात दिवंगत झालेल्या एका माणसाचे नाव आहे. मालक म्हणतात की कूळ केव्हाच गेले, मुले मुंबईला असतात आणि त्यांचा काही त्रास नाही. बंगळूरच्या एका दांपत्याला तिथे पाच-सहा कॉटेजे बांधून पर्यटकांना द्यायची आहेत आणि ते या महिन्यातच विसार द्यायला तयार आहेत. हे काम हाती घ्यावे का?

केप्याची एजंट (उत्तर)

विसार घेऊ नका, आणि कारणे दोन्ही पक्षांना आजच सांगा.

कुळाचा हक्क वारसाहक्काने पुढे जातो. माणूस वारला किंवा त्याची मुले मुंबईला गेली म्हणून रकान्यातले नाव निष्प्रभ होत नाही. कृषी कुळवहिवाट कायद्यातील १९७६ च्या दुरुस्तीने कुळाला त्या जमिनीचा खरेदीदार मानले आहे. म्हणजे आपले 'मालक' जे विकायला निघाले आहेत ते कदाचित त्यांचे राहिलेलेच नाही. मामलेदार कार्यालयात त्या सर्व्हे नंबरावर कुळवहिवाटीचे काही प्रकरण झाले आहे का, खरेदीची सनद कोणाला दिली आहे का, ते पाहावे लागेल. त्या मुलांना शोधून त्यांच्याशी समोरासमोर बोलावे लागेल. आणि जमीन कुळाकडे निहित झालेली निघाली तर १९९१ च्या भू-वापर कायद्याप्रमाणे ती शेतीशिवाय अन्य कामासाठी वापरताच येत नाही. मग ती कोणाकडूनही विकत घेतली तरी कॉटेजांचा विषय तिथेच संपतो. त्याच वेळी 'इतर हक्क' हा रकानाही वाचा. त्यात एखाद्या घराची नोंद असेल तर मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) प्रश्न वेगळा उभा राहतो, आणि १९७५ चा मुंडकार कायदा घराबरोबर भोवतालच्या जमिनीवरही हक्क देतो.

कुळाचा प्रश्न निर्वेध सुटला असे धरले तरी ऑर्चर्ड क्षेत्रात पर्यटकांसाठी कॉटेजे बसत नाहीत. चार हजार चौरस मीटर किंवा अधिक जागेवर मर्यादित बांधकामाचे फार्महाऊस परवानगीने होऊ शकते, ते शेतीला पूरक म्हणून. उतारावर झाडी दाट असेल तर ती जागा खासगी वनांच्या पाहणीत आली आहे का हेही वनखात्याकडे विचारावे लागेल. पंच्याहत्तर टक्के वनप्रजाती, ०.४ घनतेचे आच्छादन आणि सलग पाच हेक्टर हे निकष शेजारच्या जमिनी मिळून पूर्ण होत असले, तर आपली सहा हजार मीटर जागाही त्यात ओढली जाऊ शकते.

त्या दांपत्याला गमावू नका. त्यांना हवा आहे तो व्यवसाय गावाच्या वस्तीतल्या जुन्या घरात चांगला चालतो: घर सेटलमेंटमध्ये असते, घरपट्टी व वीजजोडणी असते, रस्ता असतो, आणि पर्यटन खात्याकडे नोंदणी करून खोल्या देता येतात. माझ्या उत्पन्नाचा मोठा भाग अशा घरांतूनच येतो. केपे, सांगे आणि काणकोण येथे मी पाण्याकाठची म्हणून फार थोडी जागा विकली आहे. जी विकली तिचे ग्राहकही घर पाहायला आले आणि नंतर जमिनीकडे वळले. म्हणून शाखा धरायचीच असेल तर पाण्याची धरू नका, तालुक्याची धरा. डिचोलीतल्या प्रत्येक गावात कोणत्या सर्व्हे नंबरावर कूळ आहे, कुठे कोमुनिदादीची हद्द सुरू होते, कोणत्या घराचे वारस बोलत नाहीत, हे ज्याला ठाऊक त्याच्याकडे पणजीचे मोठे दलालही येतात.

फोंड्याच्या बाबांनी पहिले वर्ष कोरडे म्हटले आहे. मला ते थोडे कठोर वाटते. विक्री होईपर्यंत मी अनिवासी मालकांची घरे सांभाळण्याचे काम घेत असे. पावसाळ्यापूर्वी कौले परतवणे, घरपट्टी भरणे, वाळवी पाहणे यासाठी महिन्याला ठरावीक रक्कम मिळते, आणि पुढे तेच मालक घर विकायचे ठरवतात तेव्हा दुसऱ्या कोणाला विचारीत नाहीत. हिशेबाची आपली नोकरीही लगेच सोडण्याची गरज नाही. आठवड्यातला एक दिवस मामलेदार कार्यालय आणि भूमापन खाते यांना द्या, शनिवार-रविवार जागा पाहा, आणि वकील ताईंनी सांगितलेला वंशवृक्ष आधी आपल्या वाड्यावरच्या घरांचा काढून बघा.

त्या सहा हजार मीटरच्या मालकांना मात्र लेखी कळवा, की कुळाच्या वारसांचा कागद आल्याशिवाय आपण ती जागा कोणाला दाखवणार नाही. ते दुसऱ्या दलालाकडे जातील. जाऊ द्यावे.